लॅपटॉपमधलं कार्ड आज दिसतं, उद्या गायब: दोष कुठं शोधायचा

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या यंत्राला) प्रोग्रॅम पाठवायला ठेवलेला जुना लॅपटॉप आणि त्यात सिरियल पोर्टचं कार्ड. राजारामपुरीतून घेतलेला सेकंडहँड थिंकपॅड आणि त्यात नवं वाय-फाय कार्ड. विद्यापीठातल्या पोराचा लॅपटॉप आणि त्यात जादाची एसएसडी. तिन्हींची तक्रार जवळपास एकाच वाक्यात येते: ‘बसवलं तेव्हा चालत होतं, आता दिसतच नाही. बंद करून चालू केलं की कधी येतं, कधी नाही.’ मग कार्ड बदललं जातं. नवंही आठ दिवसांत तेच करायला लागतं, कारण दोष बहुतेक वेळा कार्डात नसतोच.

तिसरं कार्ड आणण्याआधी दोन-तीन दिवस एवढंच टिपून ठेवा की कार्ड नेमकं कधी जातं. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर जात असेल तर वीज वाचवणारी सेटिंग बघायची. लॅपटॉप उचलला, बॅगेत घातला, केबलला धक्का लागला की जात असेल तर संपर्क सैल आहे. मोठी फाइल कॉपी करताना किंवा हार्ड डिस्क जोडल्यावर जात असेल तर वीज कमी पडते किंवा कार्ड तापतं. विंडोज अपडेटनंतर गेलं असेल तर दोष ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. आणि एकदाही दिसलंच नसेल तर कार्ड चुकीच्या स्लॉटात आहे किंवा बायोस (लॅपटॉप सुरू होताना आधी चालणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) त्याला घेत नाही. या नोंदीवरूनच अर्धी दुरुस्ती होते. राहिलेल्या अर्धीला स्क्रूड्रायव्हर लागतो.

स्लॉट आधी ओळखा

बाहेरून कार्ड सरकवायचे दोन प्रकार आहेत आणि दुकानात दोन्हींना सर्रास ‘पीसीएमसीआयए’ म्हणतात. खरा पीसीएमसीआयए, म्हणजे पीसी कार्ड, ५४ मिमी रुंद असतो आणि आत ६८ बारीक पिना असतात. त्यातलं ३२ बिटांचं कार्डबस कार्ड वरच्या कडेला असलेल्या उठावदार ठिपक्यांच्या सोनेरी पट्टीवरून ओळखता येतं. २००३ मध्ये आलेलं एक्सप्रेसकार्ड वेगळं: २६ संपर्क, ७५ मिमी लांबी आणि ३४ किंवा ५४ मिमी रुंदी. ५४ वालं कार्ड इंग्रजी एल अक्षरासारखं कापलेलं असतं, पण आत घुसणारा भाग ३४ मिमीचाच. त्यामुळे ३४ चं कार्ड ५४ च्या स्लॉटात चालतं, उलट चालत नाही. एक्सप्रेसकार्ड जुन्या पीसीएमसीआयएच्या फटीत आत सरकतं, पण जोडलं जात नाही. जोर लावला तर ६८ पैकी दोन-चार पिना वाकतात आणि मग खरं कार्डही चालत नाही. टॉर्च मारून आत बघा, पिनांची रांग एका रेषेत हवी.

आतल्या स्लॉटांची गंमत याहून अवघड. मिनी पीसीआय एक्सप्रेस आणि एमसाटा दोन्ही ५२ पिनांचे, आकार तोच, स्क्रूची जागा तीच, पण तारा वेगळ्या. एमसाटाची एसएसडी नुसत्या वाय-फायच्या स्लॉटात बसेल आणि कधीच दिसणार नाही. तांबडा आणि पांढरा रस्सा लांबून ओळखता येतो, ही दोन कार्डं येत नाहीत, छापील लेबलच वाचावं लागतं.

हल्लीच्या लॅपटॉपात एम.२ असतो. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, २२४२ म्हणजे लांबी ४२, २२३० म्हणजे ३०. पण कार्ड बसेल की नाही हे लांबीवर ठरत नाही, खाचेवर ठरतं. ‘एम’ खाच चार लेनच्या (लेन म्हणजे डेटाची वाट) एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीच्या एसएसडीसाठी, ‘बी’ खाच साटा (जुनी, संथ जात), दोन लेनच्या एसएसडी आणि मोबाइल डेटाच्या कार्डांसाठी, ‘ए’ आणि ‘ई’ वाय-फायसाठी. दोन खाचा असलेली ‘बी अधिक एम’ एसएसडी दोन्ही प्रकारच्या स्लॉटात बसते. फसगत इथंच होते. बसणं वेगळं, चालणं वेगळं. स्लॉटला साटाच्या तारा जोडलेल्या नसतील तर साटा एसएसडी घट्ट बसूनही दिसत नाही, आणि नुसत्या साटा स्लॉटात एनव्हीएमई दिसत नाही. खरेदीआधी लॅपटॉपच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. कंपनीच्या सपोर्ट पानावर ते फुकट मिळतं आणि कोणता स्लॉट काय घेतो हे त्यात लिहिलेलं असतं.

उदाहरण म्हणून थिंकपॅड टी४८० घ्या, कारण सेकंडहँड बाजारात तो भरपूर आहे. त्यातल्या सिमवाल्या मोबाइल कार्डाच्या स्लॉटात दुसरी एसएसडी बसते. पण ती २२४२ लांबीची, एनव्हीएमई आणि ‘बी अधिक एम’ खाचेची हवी. नुसत्या ‘एम’ खाचेची आत जातच नाही, साटाची जाते पण दिसत नाही. बरेच जण हे दोन्ही प्रकार आणून परत करतात आणि मग स्लॉटच खराब आहे असं ठरवतात.

कार्ड कुठल्या पायरीवर अडकलं

डिव्हाइस मॅनेजर उघडा. विंडोजची कळ दाबून एक्स दाबलं की यादीत सापडतो. तीन शक्यता असतात.

पहिली, कार्डाचं नाव कुठंच नाही, अनोळखी उपकरण म्हणूनही नाही. म्हणजे मदरबोर्डालाच ते दिसत नाही. ड्रायव्हर कितीही टाकले तरी उपयोग नाही, कारण ड्रायव्हर लागतो तो दिसलेल्या कार्डाला. बायोसमध्ये स्लॉट बंद आहे का ते बघा आणि मग लॅपटॉप उघडा.

दुसरी, पिवळा त्रिकोण आहे. नावावर डबल-क्लिक केलं की कोड दिसतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण कार्ड सुरू होत नाही. कोड १२ म्हणजे बायोसनं कार्डाला पुरेशी मेमरीची जागा दिली नाही, एक्सप्रेसकार्डमधून बाहेरचं ग्राफिक कार्ड जोडणाऱ्यांना हा हमखास भेटतो. कोड ४३ म्हणजे कार्डानंच अडचण कळवली, तो वीज कमी पडल्यावरही येतो. ड्रायव्हर कोणता हे कळत नसेल तर त्याच खिडकीत डिटेल्सखाली हार्डवेअर आयडी बघा. ‘व्हेन’ (VEN) नंतरची चार अक्षरं कंपनीची: ८०८६ इंटेलची, १०ईसी रिअलटेकची, १४ई४ ब्रॉडकॉमची. कार्डावरच्या स्टिकरपेक्षा या चार अक्षरांवर विश्वास ठेवा.

तिसरी शक्यता, व्ह्यू मेन्यूतून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केल्यावर नाव फिकट दिसतं आणि कोड ४५ येतो. म्हणजे कार्ड आधी होतं, आत्ता नाही. या लेखाचा विषय असलेली तक्रार बहुतेक वेळा हीच असते.

याच्या जोडीला इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टीम यादीत ‘व्हीआ-लॉगर’ (WHEA-Logger) आणि इव्हेंट १७ शोधा. पीसीआय एक्सप्रेसवर, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डामधल्या डेटाच्या वाटेवर, चूक झाली आणि ती दुरुस्त केली अशी ती नोंद असते. दिवसातून एखादी असेल तर सोडून द्या. मिनिटाला पाच-दहा येत असतील तर संपर्क खराब आहे किंवा वीज वाचवण्याची सेटिंग त्या कार्डाला सोसत नाही. हे दोन वेगळे कसे करायचे? सेटिंग बंद करून बघायचं. ते काम पाच मिनिटांचं आहे, लॅपटॉप उघडणं तासाचं. म्हणून आधी सेटिंग.

झोपेतून उठल्यावर जाणारं कार्ड

पीसीआय एक्सप्रेसमध्ये काम नसताना तार झोपवायची सोय असते, तिला एएसपीएम म्हणतात. जुनी, स्वस्त किंवा अडॅप्टरवर चढवलेली कार्डं त्या झोपेतून वेळेत जागी होत नाहीत आणि विंडोज त्यांना ‘निघून गेलं’ समजतं. कंट्रोल पॅनलमधून पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, पीसीआय एक्सप्रेस, लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट. इथं बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी ‘ऑफ’ करा. नव्या लॅपटॉपात हा पर्याय लपवलेला असू शकतो, तेव्हा बायोसमध्ये एएसपीएम शोधा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण मशिनशेजारी चार्जरवरच असणाऱ्या लॅपटॉपला त्याचं काय?

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंट पानावर ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ या अर्थाची टिक काढा. कार्ड यूएसबीच्या तारेवर चालणारं असेल तर यूएसबी रूट हबचीही काढा.

तिसरा गुन्हेगार फास्ट स्टार्टअप. तो चालू असताना ‘शट डाउन’ केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर झोपलेलाच राहतो आणि ड्रायव्हर नव्यानं सुरू होत नाहीत. अडकलेलं कार्ड दुसऱ्या दिवशीही अडकलेलंच. म्हणूनच ‘बंद करून चालू केलं तरी येत नाही, पण रिस्टार्ट केलं की येतं’ असं ऐकू आलं की इकडंच बोट जातं. पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणाच्या पानावर ती टिक काढून टाका.

इंटेलचं वाय-फाय कार्ड अचानक कोड १० दाखवू लागलं आणि रिस्टार्टनंही सुधारलं नाही, तर चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरी काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. आत उरलेली वीज संपते आणि कार्ड खरंखुरं बंद होऊन पुन्हा सुरू होतं. बॅटरी आतली असेल तर थिंकपॅडच्या बायोसमध्ये ती तात्पुरती तोडायचा पर्याय असतो. हा उपाय मंत्रतंत्रासारखा वाटतो, पण चालतो.

धक्का लागला की जाणारं कार्ड

इथं कोल्हापूरची हवा मध्ये येते. जून ते सप्टेंबर घरातली कपाटं, पुस्तकं, पीठ सगळं सादळतं, मग लॅपटॉप कसा सुटेल? गगनबावडा-राधानगरीकडं तर विचारायलाच नको. कार्डाच्या पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा असतो, पण तो पातळ. वारंवार काढघाल झाली की खरवडतो, खालचा धातू उघडा पडतो आणि ओलाव्यात गंजतो. पाऊस सुरू झाल्यावर पंधरा-वीस दिवसांत तक्रार आली आणि कार्ड काढून पुन्हा बसवलं की आठवडाभर चालतं, ही गंजाची खूण आहे. काढघाल करताना थर घासला जातो म्हणून ते चालतं, दुरुस्त झालं म्हणून नव्हे.

फाउंड्रीच्या भागात दुसरा त्रास. तिथल्या धुळीत वाळू असते आणि बिडाचे बारीक कणही. वाळू संपर्क खरवडते, लोखंडाचे कण वीज वाहतात. एम.२ च्या पट्ट्यांमधलं अंतर अर्धा मिमी असतं, तिथं एक कणही पुरतो. धूळ उडवायला शॉपमधल्या कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका. तिच्यात पाणी आणि तेल असतं, आणि दाबामुळे कण स्लॉटात आणखी खोल जातात.

साफ करायची रीत अशी. चार्जर काढा, बॅटरीची आतली तार सोडवा किंवा बायोसमधून बॅटरी तोडा, धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत हे विशेष पाळा. वाय-फायचं कार्ड असेल तर अँटेनाच्या तारांचा आधी फोटो काढा, कुठली तार कुठल्या टोकाला होती ते नंतर आठवत नाही. कार्डाच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडानं कार्डाच्या आतून बाहेरच्या दिशेनं पुसा. ९९ टक्क्यांचं घ्या. जखमेवर लावायच्या स्पिरिटमध्ये पाणी असतं, पेट्रोलचा तेलकट थर मागं राहतो, दोन्ही नकोत. शाळेतल्या खोडरबरानं पट्ट्या चमकतात हे खरं, पण त्याची पूड स्लॉटात जाते आणि मुलामाही झिजतो. अगदीच काळं पडलं असेल तर पांढऱ्या मऊ रबरानं दोन-तीन हलके हात, मग अल्कोहोल, आणि पुन्हा कधी रबर नाही. स्लॉट मऊ ब्रशनं साफ करा. दहा मिनिटं वाळू द्या.

परत बसवताना एम.२ कार्ड तिरकं, साधारण २० ते ३० अंशांत घालायचं, पट्ट्या जवळपास दिसेनाशा होईपर्यंत. सोडलं की ते वर उचललेलं राहतं, ते बरोबर आहे. खाली दाबून स्क्रू लावायचा. सेकंडहँड लॅपटॉपमध्ये हा स्क्रू हरवलेला असतो आणि कुणीतरी टेप लावून भागवलेलं असतं. टेप उन्हाळ्यात सैल होते, कार्ड एका बाजूनं उचललं जातं आणि आपली तक्रार जन्माला येते. स्क्रू एम२, लांबी सहसा ३ मिमी. दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात जुन्या लॅपटॉपचा एखादा सापडतो. लांब स्क्रू ठोकू नका, खालून बोर्डात किंवा कीबोर्डात घुसतो.

एसएसडीवर जाड थर्मल पॅड लावणं हाही याच घरातला दोष. दीड मिमीचा पॅड कोंबला की खालचं झाकण कार्डाला मधोमध दाबतं, कार्ड वाकतं आणि स्लॉटातलं टोक उचललं जातं. झाकण उघडं असताना चालतं आणि लावल्यावर जातं, तर पॅड काढून बघा.

बाहेरच्या एक्सप्रेसकार्डाचं दुखणं म्हणजे लोंबणाऱ्या केबली. ३४ मिमीचं कार्ड ५४ च्या फटीत एका बाजूला आधाराविना असतं, त्यावर जड सिरियल केबल लटकवली की ते हलतं. केबल टेबलाला बांधा म्हणजे वजन कार्डावर येणार नाही. शिवाय काही लॅपटॉपांचं बायोस सुरू होताना स्लॉट रिकामा दिसला की त्याची वीज बंद ठेवतं. मग चालू लॅपटॉपात कार्ड घातलं तर ते येत नाही, घालून सुरू केलं तर येतं. स्लॉट खराब आहे असं समजण्याआधी हे करून बघा.

जोर पडला की जाणारं कार्ड

यूएसबी ३.० चं एक्सप्रेसकार्ड जुन्या लॅपटॉपात फार लोकप्रिय झालं. माउस चालतो, पेनड्राइव्ह चालतो, बाहेरची हार्ड डिस्क लावली की कार्ड मरतं. कारण सरळ आहे. एक्सप्रेसकार्डच्या स्लॉटात ३.३ आणि १.५ व्होल्ट असतात, ५ व्होल्टची पिनच नाही. यूएसबीला हवे ५ व्होल्ट, म्हणून कार्ड ३.३ वरून ते तयार करतं. स्लॉटकडून ३.३ व्होल्टवर सरासरी सुमारे १ अँपिअर मिळतो, म्हणजे ३.३ वॉट. यूएसबी ३.० चा एकच पोर्ट ५ व्होल्टवर ९०० मिलीअँपिअर, म्हणजे ४.५ वॉट मागू शकतो. हिशेब जुळत नाही. म्हणूनच कार्डाच्या कडेला गोल छिद्र असतं, त्यात ५ व्होल्टचा अडॅप्टर लावायचा. सोबतची यूएसबीतून वीज घेणारी तार एका हार्ड डिस्कला कशीबशी पुरते, दोनला नाही. अडॅप्टर घेताना व्होल्टेज आणि मधल्या टोकाची धन-ऋण खूण कार्डावरच्या चिन्हाशी जुळवा. नेटवर्क राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर तिथं घुसतो, आणि घातला की कार्ड संपलं.

आणि वेगाची अपेक्षा आवरा. एक्सप्रेसकार्डच्या पहिल्या पिढीत पीसीआय एक्सप्रेसची एकच लेन, २.५ गिगाबिटची. यूएसबी ३.० चे ५ गिगाबिट त्यातून निघणार नाहीत. यूएसबी २ पेक्षा बरंच वेगवान चाललं की कार्ड ठीक आहे.

एनव्हीएमई एसएसडी तापली की आधी संथ होते, फार तापली तर सुटते. एप्रिल-मे महिन्यात गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपात हे घडतं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा, ७० अंशांच्या पुढं वारंवार जात असेल तर आधी हवेची वाट मोकळी करा.

एकदाही न दिसलेलं कार्ड

वाय-फायमध्ये दोन सापळे. इंटेलची काही एम.२ कार्डं सीएनव्हीआय जातीची असतात: ९५६०, एएक्स२०१, एएक्स२११. त्यांचा अर्धा मेंदू इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो. ती एएमडीच्या लॅपटॉपात किंवा जुन्या इंटेलमध्ये चालत नाहीत, जरी खाच जुळली तरी. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वतंत्र कार्डं, ती चालतात. शेवटचा एकच अंक वेगळा असल्यानं दुकानदाराकडून चूक होते, म्हणून पाकिटावरचा नंबर मोठ्यानं वाचून घ्या.

दुसरा सापळा जुन्या लेनोवो आणि एचपीच्या बायोसमधली मंजूर कार्डांची यादी. थिंकपॅड टी४३० किंवा एक्स२३० मध्ये यादीबाहेरचं वाय-फाय कार्ड घातलं की लॅपटॉप सुरूच होत नाही, १८०२ हा नंबर दाखवून थांबतो. एचपीत तोच संदेश १०४ नंबरनं येतो. कार्ड काढलं की लॅपटॉप ठणठणीत. सोपा मार्ग म्हणजे त्या मॉडेलसाठी कंपनीनं छापलेला पार्ट नंबर असलेलं जुनं कार्ड घेणं. बायोस बदलायचे उद्योगही चालतात, पण मध्ये वीज गेली तर बोर्ड जातो.

वाय-फाय चालतं पण ब्लूटूथ नाही, ही तक्रार वेगळी धरा. कार्डाचं वाय-फाय पीसीआय एक्सप्रेसवरून जातं आणि ब्लूटूथ यूएसबीच्या तारांवरून. एसएसडीच्या स्लॉटात अडॅप्टर लावून वाय-फाय कार्ड घातलं असेल तर तिथं यूएसबी नाहीच, ब्लूटूथ येणार नाही. सिग्नल दोनच काड्या असेल तर अँटेनाचं टोक बसलेलं नाही. एम.२ कार्डांची टोकं मिनी कार्डांपेक्षा लहान असतात, जुनी तार त्यांवर बसत नाही, आणि दाबून बसवली तर टोकच तुटतं.

विंडोज पुन्हा टाकताना ११व्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपात एसएसडी दिसली नाही तर ती खराब नाही. बायोसमध्ये व्हीएमडी (एसएसडी हाताळायची इंटेलची सोय) चालू असतं आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर सोडवून ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर व्हीएमडी सहज म्हणून बंद करू नका, ते विंडोज चालू होणार नाही. आणि नवी एसएसडी डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘नॉट इनिशियलाइज्ड’ दिसत असेल तर ती फक्त कोरी आहे, जीपीटी हा विभागणीचा प्रकार निवडून तयार करा. जुना डेटा असलेली डिस्क असं म्हणत असेल तर मात्र हात लावू नका.

सिरियल कार्ड आणि सीएनसी

कोल्हापूरच्या मशिन शॉपांमध्ये हा प्रश्न संपत नाही, म्हणून थोडं सविस्तर. पहिलं, एक्सप्रेसकार्ड म्हणून विकलेलं सिरियल कार्ड आतून यूएसबी-सिरियलच असू शकतं, कारण एक्सप्रेसकार्डच्या स्लॉटात यूएसबी २ च्याही तारा असतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू बाय कनेक्शन’ करा. कार्ड यूएसबी हबच्या खाली दिसलं तर तो यूएसबीचाच प्रकार. त्यातली प्रोलिफिक कंपनीची जुनी किंवा नकली चिप नव्या ड्रायव्हरनं नाकारली जाते, आणि विंडोज आपोआप नवा ड्रायव्हर आणतं, म्हणून अपडेटनंतर पोर्ट जातो. खरं पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड घ्या.

दुसरं, डॉसमधलं जुनं सॉफ्टवेअर. ते कॉम-१ ला ठरलेल्या ३एफ८ या पत्त्यावर शोधतं, कार्डाला मात्र बायोस वेगळाच पत्ता देतं. कार्ड चांगलं असूनही ते सॉफ्टवेअर चालणार नाही. विंडोजमधलं सॉफ्टवेअर कॉम नंबर बघतं. पोर्ट कॉम-९ झाला असेल आणि सॉफ्टवेअरला चारपर्यंतच कळत असेल तर पोर्टच्या अॅडव्हान्स्ड पानावरून नंबर बदला.

तिसरं, सीएनसी चालवणाऱ्या फॅनुक कंट्रोलरचे अलार्म. ८६ आला तर समोरचं उपकरण तयार असल्याचा सिग्नल नाही: केबल, जंपर किंवा पोर्ट. ८५ म्हणजे बॉड रेट (पाठवायचा वेग), पॅरिटी (चूक तपासायचा बिट) किंवा बिटांची संख्या जुळत नाही, मशिनच्या पॅरामीटरमध्ये जे आहे तेच लॅपटॉपवर हवं. ८७ मात्र खरा कार्डाचा प्रश्न. मशिन ‘थांब’ म्हणतं, पण लॅपटॉप थांबत नाही आणि त्यानंतरही दहाहून जास्त अक्षरं पाठवतो. सॉफ्टवेअर थांबलेलं असतं, कार्डाच्या चिपमधली रांग थांबलेली नसते. साध्या चिपमध्ये ती १६ अक्षरांची, भारी चिपमध्ये १२८ ची, म्हणजे महाग कार्डात हा अलार्म जास्त. पोर्टच्या अॅडव्हान्स्ड पानावर ट्रान्समिट बफर सगळ्यात खाली, १ वर आणा. बॉड रेट न बदलता अलार्म जातो.

केबल नऊ पिनी ते पंचवीस पिनी असेल तर २ ला २, ३ ला ३ आणि ५ ला ७. दोन्ही टोकांची क्रमवारी उलटी असल्यानं हीच उलटी केबल होते, वेगळी उलटवायची नसते. मशिनच्या बाजूला ४-५ एकत्र आणि ६-८-२० एकत्र. लांबी १५ मीटरच्या आत.

शेवटचं, कार्ड पुन्हा पुन्हा जळत असेल तर अर्थिंग बघा. दोन पिनी चार्जरवरचा लॅपटॉप तरंगत्या व्होल्टेजवर असतो. त्याची सिरियल केबल मशिनला जोडताना ठिणगी पडते ती कार्डातूनच जाते. जोडताना चार्जर काढून बॅटरीवर चालवा, किंवा लॅपटॉपला मशिनच्याच अर्थिंगचा तीन पिनी चार्जर द्या. केबल मशिन बंद असतानाच जोडा. हे जमत नसेल तर मध्ये ऑप्टो-आयसोलेटर (विजेचा थेट जोड न ठेवता प्रकाशानं सिग्नल पुढं देणारा भाग) बसवा. एवढं करून, पिना सरळ असून, दुसऱ्या लॅपटॉपात तेच कार्ड चालत असेल तर स्लॉट बोर्डावरून सुटला आहे. तो हॉट एअरनं पुन्हा बसवणारा कारागीर सापडला तर ठीक, नाहीतर त्या लॅपटॉपला चांगल्या चिपचं यूएसबी-सिरियल लावून, लेटन्सी टायमर (डेटा पुढं द्यायच्या आधी थांबायचा वेळ) १६ वरून १ मिलीसेकंद करून काम चालवा.